हाकेला ओ येईल एवढीच गुंगी

एंडोस्कोपी रूममध्ये नव्याने ड्युटी लागली? या, इथे टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला माझ्याशेजारी उभे राहा. दुर्बीण डॉक्टर सांभाळतील, पेशंटचा श्वास सांभाळायचा आपण. आज शिकायची आहे ती मोठ्या माणसांना मिडॅझोलाम आणि फेंटानिल देऊन आणलेली हलकी गुंगी. तिच्यात पेशंट पेंगतो, पण "आजी!" म्हटलं की ओ देतो. त्यापलीकडची झोप म्हणजे भूल, आणि ते काम भूलतज्ज्ञाचं. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टर सांगणार, टोचून लक्ष ठेवणार तुम्ही. खाली नंबर टाकलेत, त्याच क्रमाने चला. "हे नंतर बघू" असं एकाही नंबराला म्हणू नका.

पेशंट यायच्या आधी

१. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडा आणि काटा बघा. काटा लाल पट्ट्यात असेल तर दुसरा सिलिंडर आल्याशिवाय लिस्ट सुरू करायची नाही. चावी सिलिंडरच्या गळ्यातच दोरीने बांधलेली हवी. मी नवी असताना एकदा चावी शेजारच्या वॉर्डात गेलेली होती आणि ती आणायला वॉर्डबॉय मामा धावले. त्या दीड मिनिटात मला जेवढा घाम फुटला तेवढा पुढे परीक्षेतही फुटला नाही.

२. सक्शन चालू करून वाटीभर पाणी ओढून बघा. नुसता आवाज येतो म्हणजे सक्शन चालतं असं नाही. बाटलीचं झाकण सैल असलं तर आवाज झकास येतो आणि पाणी मात्र जागचं हलत नाही.

३. अँबू बॅगचं तोंड तळहाताने घट्ट दाबून बॅग पिळा. हवा कुठूनही निसटायला नको. मास्क मधल्या आणि मोठ्या, दोन्ही मापांचे जवळ ठेवा.

४. एअरवे मापाप्रमाणे ओळीने मांडा. ड्रॉवरमध्ये आहेत म्हणू नका, ऐन वेळी ड्रॉवर अडकतो.

५. उताऱ्याची औषधं हाताशी ठेवा: मिडॅझोलामचा उतारा फ्लुमाझेनिल, फेंटानिलचा नॅलोक्सोन. दोन्हींवरची तारीख वाचा. ही क्वचित लागतात, म्हणूनच पडून पडून त्यांची मुदत संपते.

६. मॉनिटर चालू करून प्रोब आधी स्वतःच्या बोटाला लावा. आकडा आला, टिकटिक ऐकू आली, की प्रोब चांगला. आवाज बारीक करू नका. मघाशी कोणी बंद केलेला अलार्म बंदच राहिलाय का, तेही बघा.

पेशंट आल्यावर, आत घेण्याआधी

७. पेशंटला स्वतःचं नाव सांगायला लावा आणि फाइलशी ताडून बघा. "तुम्ही कदम ना?" असं विचारू नका. घाबरलेला माणूस कशालाही मान डोलावतो.

८. पोटाची चौकशी करा. इथे जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. "उपाशी आहात ना?" म्हटलं की उत्तर "हो" हेच येणार. म्हणून असं विचारा: "शेवटचं काय तोंडात घातलं, आणि तेव्हा किती वाजले होते?" हलकं खाणं ६ तासांपूर्वी थांबलेलं हवं, तेलकट किंवा भरपेट जेवण ८ तासांपूर्वी. साधं पाणी २ तासांपूर्वीपर्यंत चालतं. आता चहा. आपल्याकडे चहाला कोणी खाणं समजतच नाही. "काही नाही खाल्लं हो, फक्त अर्धा कप चहा," असं अगदी प्रामाणिक चेहऱ्याने सांगतात. दुधाचा चहा खाण्यातच धरायचा, ६ तासच. बिस्किट, दूध, ताक, भाताची पेज यांनाही तोच हिशोब. गोळीबरोबर घेतलेला पाण्याचा घोट चालतो. मोठ्या आतड्याची तपासणी असेल तर पोट साफ करायच्या औषधाचा शेवटचा ग्लास कधी संपवला तेही विचारा. त्यालाही किमान २ तास झालेले हवेत. वजन किंवा साखर कमी करायला आठवड्याचं इंजेक्शन कोणी घेत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्याने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. आणि पोटात काही आहे असं कळलं, तर पेशंटची कीव येऊन ते झाकू नका. गुंगीत उलटी झाली की ती फुप्फुसात जाते.

९. आजारांची यादी विचारा: हृदय, दमा, किडनी, लिव्हर, फिट येणे. बाई वयात असतील तर पाळी कधी आली तेही. यकृत खराब असलेल्या पेशंटवर मिडॅझोलामचा अंमल जास्त होतो आणि जास्त टिकतो, हे डॉक्टरांना वेगळं सांगा.

१०. घोरण्याबद्दल नातेवाइकांना विचारा. पेशंट स्वतः "छे, मी कुठे घोरतो" म्हणणारच. बायकोने कपाळाला हात लावला की समजायचं. घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, असं त्या म्हणाल्या तर ते ठळक अक्षरांत लिहा.

११. रोजच्या गोळ्यांची पिशवी उघडून बघा. झोपेची, मनाच्या आजाराची किंवा जोरदार वेदनाशामक गोळी चालू असेल तर आपल्या औषधाची भर तिच्यात पडणार. दारूचं बाजूला घेऊन, आवाज खाली ठेवून विचारा. सासऱ्यांच्या समोर खरं उत्तर मिळत नाही.

१२. ॲलर्जी आणि आधीच्या भुलीच्या वेळचा त्रास विचारा. "मागच्या ऑपरेशनला दोन दिवस शुद्ध आली नव्हती" असली गोष्ट ऐकलीत तर हसण्यावारी नेऊ नका.

१३. तोंड पूर्ण उघडायला लावा. पेशंटची स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उभी आत गेली पाहिजेत. गुटखा, मावा, सुपारी खाणाऱ्यांचं तोंड अनेकदा दोन बोटंही उघडत नाही. बंदी असली तरी अशी तोंडं तुम्हाला आठवड्याला दिसतील. अशा तोंडात माउथ गार्ड बसत नाही, आणि श्वास अडला तर नळी घालणंही अवघड जातं. हे गुंगी देण्याआधी कळलं पाहिजे, नंतर नव्हे.

१४. गालात काही दडवलंय का ते बॅटरीने बघा. तंबाखूची चिमूट, मिश्रीचा लेप, सुपारीचं खांड, सगळं निघतं. चूळ भरायला लावा, पाणी गिळू देऊ नका.

१५. कवळी काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवा. डबी नातेवाइकांच्या हातात द्या. उशीखाली ठेवलेली कवळी चादरीबरोबर धुवायला जाते. हलणारा दात असेल तर कोणता ते लिहून ठेवा.

१६. मधुमेह असेल तर आत्ता साखर तपासा. उपाशीपोटी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन आलेला पेशंट टेबलावर गुंगून पडला, तर ती गुंगी औषधाची की साखर उतरल्याची, हे कळत नाही.

१७. एवढं कळल्यावर डॉक्टरांना गाठा आणि एकच प्रश्न विचारा: "हा आपला पेशंट की भूलतज्ज्ञांना बोलवायचं?" खूप लठ्ठ, झोपेत श्वास थांबणारा, तोंड न उघडणारा, हृदय किंवा फुप्फुस बरंच खराब असलेला, गरोदर, लहान मूल, रक्ताच्या उलट्या होऊन जठर रक्ताने भरलेला. यातलं कोणी असेल तर भूलतज्ज्ञच हवेत. दुधासारखं पांढरं प्रोपोफोल द्यायचं ठरलं तरी तेच, कारण त्याला उतारा नाही. विचारायची लाज वाटू देऊ नका. आणखी एक गोष्टही इथेच विचारून घ्या: गुंगी खरंच लागणार आहे का? नुसतं जठर बघायचं असेल तर काम थोड्या मिनिटांचं असतं. धीट पेशंट घशातल्या स्प्रेवर आरामात पार पडतो आणि स्वतःच्या पायांनी घरी जातो.

१८. संमतीपत्रावर आत्ता सही घ्या. वाचून दाखवा, शंका असतील तर डॉक्टरांना बोलवा. औषध टोचल्यावर घेतलेल्या सहीला अर्थ नाही.

१९. सोबतीला प्रत्यक्ष बघा. "मुलगा येतोय, रस्त्यात आहे" हे चालत नाही. मुलगा समोर हवा, त्याचा मोबाइल नंबर फाइलवर हवा. बाहेर थांबलेला रिक्षावाला सोबती नव्हे. सोबत नसेल तर गुंगी नाही, मग पेशंट कितीही लांबून आलेला असो.

टेबलाशी

२०. इंट्राकॅथ उजव्या हाताला लावा. पेशंट डाव्या कुशीवर झोपणार, म्हणजे उजवा हात वर राहील आणि तुम्हाला सतत दिसेल. गुलाबी किंवा निळी सुई पुरते.

२१. सलाईनने फ्लश करा. कातडी फुगली तर सुई शिरेबाहेर आहे. ती काढून नवी लावा. गडबडीच्या वेळी उतारा याच वाटेने जाणार आहे.

२२. फेंटानिल सिरिंजमध्ये भरा. २ मिलीच्या अँप्युलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं. सलाईन घालून एकूण १० मिली केलं की १ मिलीत १० मायक्रोग्रॅम. हा आकडा मोठ्याने म्हणा, शेजारच्याला ऐकू द्या.

२३. सिरिंजवर लगेच लेबल लावा. दुसरं अँप्युल त्यानंतरच फोडायचं. पाण्यासारख्या दोन सिरिंजा ट्रेमध्ये शेजारी पडल्या की ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही.

२४. मिडॅझोलाम भरा, पण आधी बाटलीवरचा आकडा वाचा. १ मिलीत १ मिलीग्रॅमचं मिळतं, तसं १ मिलीत ५ मिलीग्रॅमचंही मिळतं. रंग तोच, नाव तेच. चुकीची उचललीत तर डोस पाचपट जातो. भरून झालं की याही सिरिंजला लेबल.

२५. सगळ्यांना दोन सेकंद थांबवून मोठ्याने वाचा: पेशंटचं नाव, कोणती तपासणी, ॲलर्जी, उपास, संमती, सोबत. डॉक्टरांचा फोन वाजत असेल तर तो संपू द्या आणि मग वाचा.

२६. जठराची तपासणी असेल तर पेशंटला बसवूनच घशात लिग्नोकेनचा स्प्रे मारा. पफ मोजा, १० टक्क्यांच्या स्प्रेत एका पफमधून १० मिलीग्रॅम जातं. आधी सांगा, "कडू लागेल, घसा सुजल्यासारखा वाटेल, गिळता येत नाही असं वाटेल, पण श्वास छान चालू राहील." हे न सांगता मारलात तर पेशंट दचकून उठून बसतो.

२७. डाव्या कुशीवर झोपवा. गुडघे थोडे पोटाशी, हनुवटी किंचित छातीकडे, गालाखाली टॉवेल. डावा हात अंगाखाली दबलेला नको, पुढे काढून ठेवा.

२८. बीपीचा पट्टा डाव्या दंडाला बांधा. इंट्राकॅथच्या हाताला बांधलात तर पट्टा फुगल्यावर औषध तिथेच अडतं, आणि पट्टा सुटला की एकदम आत जातं.

२९. प्रोब उजव्या हाताच्या बोटाला लावा. नेलपॉलिश असेल तर ते बोट पुसा. मेंदी गडद असेल आणि आकडा नाचत असेल तर दुसरं बोट किंवा कानाची पाळी बघा. हात गार असेल तर चोळून गरम करा.

३०. नाडी, बीपी, ऑक्सिजनचा आकडा आणि मिनिटाचे श्वास लिहा. हे ऑक्सिजन लावायच्या आधी. घरच्या हवेवर ९१ असणारे आजोबा पुढे ९१ दाखवू लागले तर त्याचा अर्थ वेगळा, आणि ९९ वरून ९१ वर आलेल्या तरुणाचा वेगळा.

३१. नाकाला नळी लावून ऑक्सिजन मिनिटाला २ लिटरवर सुरू करा. आता सावध! ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावला तरी आकडा बराच वेळ ९८-९९ वर राहतो. मॉनिटर हसत असतो आणि पेशंट श्वास घेत नसतो. तुमच्याकडे श्वासाची लाट दाखवणारा कॅप्नोग्राफ असेल तर आत्ताच जोडा. त्याची लाट आधी मोडते, बोटावरचा आकडा मागाहून पडतो.

३२. माउथ गार्ड दातांत बसवा आणि पट्टा डोक्यामागे अडकवा. पेशंट पेंगल्यावर बसवायला गेलात तर बोट चावलं जातं. मोठ्या आतड्याची तपासणी असेल तर हा नंबर सोडा.

औषध देताना

३३. डॉक्टरांनी सांगितलेलं फेंटानिल आधी द्या, सावकाश. साधारण २५ ते ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे आपल्या सिरिंजमधलं अडीच ते पाच मिली. वयस्कर किंवा किरकोळ अंगाच्या पेशंटला निम्मं.

३४. घड्याळ बघून दोन-तीन मिनिटं थांबा. या वेळात पेशंटशी बोला, कुठून आलात, पाऊस झाला का. बोलणं मंदावतं ते कानाला कळतं.

३५. मिडॅझोलामचा पहिला डोस दोन मिनिटं घेऊन द्या. तरण्याताठ्या माणसाला १ ते २ मिलीग्रॅम, साठीच्या पुढे अर्धा ते १ मिलीग्रॅम. "भसकन दे" असं कोणी म्हटलं तरी अंगठा हळूच चालू द्या.

३६. थांबा. पूर्ण दोन मिनिटं. म्हणायला सोपं, करायला महाकठीण. पेशंट टक्क बघतोय, डॉक्टर दुर्बीण हातात घेऊन उभे, बाहेर सात पेशंट, आणि सगळ्यांना वाटतं औषध लागलंच नाही. लागलेलं असतं, फक्त मेंदूपर्यंत पोचायचं असतं, आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत रक्त आणखी सावकाश फिरतं. पहिला डोस पोचायच्या आत दुसरा दिला की दोन्ही एकत्र येऊन आदळतात. मी आजवर बघितलेल्या बहुतेक गडबडी चुकीच्या औषधाने झालेल्या नाहीत, घाईने झाल्यात. म्हणून घड्याळाचा काटा बोटाने दाखवा आणि "डॉक्टर, अजून चाळीस सेकंद" असं बिनदिक्कत सांगा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तरी काटा तेवढाच चालतो.

३७. पेशंटला नावाने हाक मारा. पापण्या जड, जीभ जड, पण ओ आली, की झालं. हीच आपली पातळी. चिमटा काढल्यावरच हालत असेल तर गुंगी जास्त झाली. पुढचं औषध नाही.

३८. अजूनही अस्वस्थ असेल तर डॉक्टरांना विचारून अर्धा ते १ मिलीग्रॅम मिडॅझोलाम आणखी द्या, आणि पुन्हा दोन मिनिटं थांबा. एकूण ५ मिलीग्रॅमच्या पुढे सहसा जावं लागत नाही, साठीच्या पुढे साडेतीन, आणि बरोबर फेंटानिल दिलेलं असल्यामुळे आपण त्याच्याही बरेच अलीकडे थांबतो. इतकं देऊनही पेशंट शांत होत नसेल तर तपासणी दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञांसोबत करायची.

३९. दिलेला प्रत्येक डोस तेव्हाच वेळेसह लिहा. "नंतर लिहिते" म्हटलेलं आकडेमोडीत हरवतं.

दुर्बीण आत असताना

४०. नजर पेशंटच्या छातीवर ठेवा. टीव्हीवर जठर रंगीत दिसतं, बघायचा मोह होतो, मलाही होतो. पण ते बघायला डॉक्टर आहेत. खोलीत अंधार केलाय, छाती दिसत नाही? मग तळहात हलकेच पाठीवर ठेवा. श्वास हाताला कळतो.

४१. दर पाच मिनिटांनी नाडी, बीपी, श्वास लिहा. बीपीचा पट्टा मॉनिटरवर पाच मिनिटांना लावून ठेवला की आठवण तोच करतो.

४२. तोंडातली लाळ बाहेर वाहू द्या आणि साठली तर सक्शनने ओढा. "गिळू नका, वाहू द्या" असं कानाशी सांगत राहा. गुंगीत गिळायला गेलेली लाळ श्वासनलिकेत जाते आणि ठसका लागतो.

४३. दुसरं काम हातात घेऊ नका. बायोप्सीची बाटली, रिपोर्टचा कागद, बाहेरच्या नातेवाइकांची कटकट, हे सगळं मावशी, मामा किंवा दुसऱ्या सिस्टर बघतील. तुम्ही इथून हललात तर पेशंटकडे बघणारं कोणीच नाही.

४४. पेशंट हातपाय झाडू लागला तर पहिल्यांदा ऑक्सिजनचा आकडा आणि छाती बघा. "उठतोय, अजून द्या" ही या खोलीतली सगळ्यात घातक सूचना आहे. श्वास कमी पडला की माणूस झटापट करतो, त्यावर औषध टोचलं तर झटापट कायमची थांबेल. श्वास ठीक असेल तर मिडॅझोलामने उलटा परिणाम झालाय का, याचा विचार डॉक्टर करतील. काहींना, विशेषतः म्हाताऱ्यांना, ते चढतं. तेव्हाही आणखी डोस देऊन उपयोग नसतो.

श्वास अडला तर

घोरल्यासारखा आवाज, पोट-छाती उलटसुलट हलणं, आकडा ९० च्या खाली, किंवा छाती हलतच नाही. यातलं एकही दिसलं की लगेच पुढचे नंबर. कॅप्नोग्राफची लाट गेली तरी तेच.

४५. कानाशी मोठ्याने हाक मारा आणि खांदा हलवा: "काका, मोठा श्वास घ्या!" दहापैकी बहुतेक जण इथेच भानावर येतात.

४६. "डॉक्टर, थांबा" असं मोठ्याने म्हणा. हळू आवाजात म्हणू नका. दुर्बीण चालवणाऱ्याचे कान पडद्यावर असतात.

४७. जबड्याच्या कोपऱ्यामागे बोटं घालून जबडा पुढे उचला. जीभ मागे पडली असेल तर या एका कृतीने श्वास खळकन सुरू होतो.

४८. नाकाची नळी काढून मास्क लावा आणि ऑक्सिजन १० लिटरवर न्या.

४९. तरीही श्वास नसेल तर दुर्बीण काढायला सांगा, सक्शन करा आणि पेशंटला उताणा करा. त्याच दमात मामांना भूलतज्ज्ञांना बोलवायला पिटाळा.

५०. अँबू बॅगने श्वास द्या, पाच-सहा सेकंदांना एक. छाती उचलेल एवढंच पिळा. जोरात पिळलंत तर हवा जठरात जाते आणि उलटी वर येते. नाडी लागत नसेल तर बाकी सगळं सोडून छाती दाबायला लागा.

५१. बॅग चालू ठेवून डॉक्टरांच्या सांगण्यावरून उतारा द्या. नॅलोक्सोन ०.१ ते ०.२ मिलीग्रॅम, लागलं तर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. फ्लुमाझेनिल ०.२ मिलीग्रॅम पंधरा सेकंद घेऊन, मग मिनिटा-मिनिटाने तेवढंच, एकूण १ मिलीग्रॅमपर्यंत. फिट येणाऱ्या किंवा रोज झोपेची गोळी घेणाऱ्या पेशंटला फ्लुमाझेनिलने फिट येऊ शकते, तेव्हा नंबर ९ आणि ११ मध्ये काय लिहिलंय ते आत्ता मोठ्याने सांगा. आणि क्रम उलटा करू नका. आधी हवा, मग उतारा. अँप्युल फोडायला दोघं धावले आणि बॅग धरायला कोणीच नाही, असं होऊ देऊ नका.

५२. उतारा दिलेल्या पेशंटला कमीत कमी दोन तास नजरेसमोर ठेवा. उताऱ्याचा असर आधी संपतो, गुंगीचं औषध मागे उरतं. "बघा, कसे टुणकन उठून बसले!" म्हणून घरी सोडलेला माणूस रिक्षात पुन्हा गुंगतो.

तपासणी झाल्यावर

५३. तोंडातलं पाणी ओढून घ्या, मग माउथ गार्ड काढा. सगळे पांगतात तो क्षण हाच. दुर्बिणीचा त्रास संपलेला असतो, औषध अजून आहे, त्यामुळे गुंगी आता वाढते. तुम्ही जागचे हलू नका.

५४. डाव्या कुशीवरच ट्रॉलीवर घेऊन कठडे वर करा. प्रोब आणि ऑक्सिजन ट्रॉलीबरोबरच जाऊ द्या. कॉरिडॉरमध्ये मॉनिटर नसतो.

५५. रिकव्हरीत पहिली पंधरा मिनिटं दर पाच मिनिटांनी नोंद करा, मग दर पंधरा मिनिटांनी. "माझी तपासणी कधी करणार?" असं पेशंटने विचारलं तर घाबरू नका. मिडॅझोलाम मधली आठवण पुसून टाकतं.

५६. घसा मोकळा झाला का ते विचारा. स्प्रेनंतर साधारण एक तास तोंडात काही नाही. आधी दोन घोट साधं पाणी, ठसका लागला नाही तर मग चहा. बाहेर बायको थर्मास घेऊन उभी असते, तिला आधीच सांगून ठेवा.

५७. आल्ड्रेट स्कोअर मोजा: हातपाय हालचाल, श्वास, बीपी, शुद्ध, ऑक्सिजन, प्रत्येकी २ गुण. १० पैकी ९ झाल्याशिवाय घर नाही.

५८. आधी बसवा, मग पाय खाली सोडू द्या, मग उभं करा. थेट उभा केलेला उपाशी माणूस कोसळतो.

५९. सूचना सोबत्याला सांगा आणि कागदावर लिहून द्या. पेशंट हो हो म्हणेल आणि घरी जाईपर्यंत विसरेल. पुढचे २४ तास गाडी नाही, दारू नाही, गिरणी-मशिन नाही, विळीवर बसणं नाही, बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदावर सही नाही, झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. डॉक्टर रिपोर्ट समजावतील तेव्हाही सोबती शेजारी हवा. पोटात किंवा छातीत जोराची कळ, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, ताप, दम यातलं काही झालं तर रात्र असो की पहाट, लगेच दवाखाना. कागदावर फोन नंबर ठळक हवा.

६०. इंट्राकॅथ सगळ्यात शेवटी काढा, कपडे बदलून पेशंट निघायच्या तयारीत असताना. दोन मिनिटं बोटाने दाबून धरा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर पाच.

६१. उरलेलं फेंटानिल दुसऱ्या सिस्टरसमोर टाकून द्या आणि रजिस्टरमध्ये दोघींच्या सह्या करा. हे एनडीपीएस कायद्याखालचं औषध, अर्ध्या मिलीचाही हिशोब लागतो. रिकामं अँप्युल मोजणी होईपर्यंत कचऱ्यात नको.

६२. वापरलेली एअरवे, मास्क, सक्शनची नळी बदला आणि फोडलेल्या उताऱ्याच्या जागी नवं अँप्युल ठेवा.

६३. सिलिंडरचा काटा पुन्हा बघा, चावी दोरीला आहे का ते बघा, आणि मग मावशींना सांगा, पुढच्या पेशंटला पाठवा.